एकशे दहा बोटं

गावाचं नाव सांगत नाही. तिथली निम्मी माणसं आता सगळं मोबाइलवर वाचतात आणि उरलेल्या निम्म्यांना वाचून दाखवतात. बोरीपासून सात किलोमीटर, जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, दोन शिक्षक, एवढं पुरे. पहिली-दुसरी धम्मशीला मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मुख्याध्यापकही मीच, कारण दोघांत वयानं मोठा मी. लोक मला बन्सीधर गुरुजी म्हणतात. पाठीमागं ‘घड्याळ गुरुजी’ म्हणतात हेही मला ठाऊक आहे, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही उशिरा पोचलो नाही. ज्याला वेळ पाळता येत नाही त्याला दुसरं काही पाळता येत असेल, यावर माझा विश्वास नव्हता.

म्हणूनच कडूबाईचं आणि माझं जमत नव्हतं.

कडूबाई सोळा वर्षांपासून आमच्या शाळेत पोषण आहार शिजवायची. तिच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, म्हणजे मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं. आमच्याकडे अशी नावं पुष्कळ आहेत. साठीला आलेली बाई, नवरा नाही, लेक दिलेली लांब सेलूकडे. पोरं तिला कडूमाय म्हणायची. तिच्या हाताला चव होती, ते मी नाकारत नाही. वाटाण्याची उसळ तर अशी करायची की मी चव घ्यायला दोन चमचे जास्त घ्यायचो. पोरांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची आणि तसं चव नोंदवहीत लिहायचं, असा नियम आहे. मी त्या वहीत चवीबरोबर वेळही लिहायला लागलो. तो रकाना वहीत नव्हता, मी पट्टीनं आखून घेतला.

सुट्टी एकला. ताटं एकला वाढायला सुरुवात व्हावी आणि एक वीसला शेवटचं पोर जेवायला बसावं, एवढी साधी गोष्ट. पण कडूबाई पळी हातात घेऊन प्रत्येकाशी बोलायची. रांगेत एकेचाळीस पोरं. प्रत्येकाला काहीतरी विचारायचं, त्याचं ऐकायचं, मग भात, मग उसळ. मी एकदा हातातल्या घड्याळावर मोजलं होतं. नुसत्या बोलण्यात तिनं अकरा मिनिटं घालवली. त्यातून कधी कधी तर जेवणच उशिरा तयार व्हायचं. ऑगस्टमध्ये चार तारखेला पंधरा मिनिटं, अकराला अठरा आणि एकोणीसला चक्क पंचवीस. त्याच एकोणीसला किचनशेडच्या मागच्या तारेवर कुणाचे तरी कपडे वाळत घातलेले दिसले. सरकारी किचनशेड म्हणजे काय हिच्या घरचं अंगण आहे का, असं मला झालं.

दुसऱ्या दिवशी मी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना अर्ज लिहिला. अर्ज लिहायची मला हौस आहे. ‘सदर स्वयंपाकी मदतनीस यांच्याकडून आहार वाटपात वारंवार विलंब होत असून, वाढतेवेळी विद्यार्थ्यांशी अनावश्यक संभाषण केले जाते, तसेच दिनांक १९ रोजी किचनशेडच्या तारेवर कपडे वाळत घातल्याचे निदर्शनास आले. तरी योग्य तो बदल व्हावा.’ अध्यक्ष शंभुराज. वेशीजवळ त्याचं किराणा दुकान, पोरगी त्रिवेणी माझ्याच चौथीत. सरळ माणूस, पण एकदा बोलला की शब्द फिरवायचा नाही असला. त्यानं अर्ज वाचला, महिनाअखेरच्या शनिवारी बैठक लावली आणि गावातल्या मंजुषाला कडूबाईच्या जागी येशील का म्हणून विचारूनही ठेवलं. मंजुषा तरणीताठी, चटपटीत, कामाला वाघ. मी समाधानानं वही मिटली.

आणि त्याच आठवड्यात मला जिंतूरला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जावं लागलं.

विषय होता पोरांचं आरोग्य, भावना, नातीगोती, स्वतःची सुरक्षा वगैरे प्राथमिकच्या पोरांना कसं शिकवायचं. मी मागच्या रांगेत बसलो. आम्हाला कुणी भावना शिकवल्या होत्या, आणि काय अडलं आमचं, असं शेजारच्या गुरुजींच्या कानात म्हणालो. शिकवायला आलेल्या बाई तिशीच्या असतील. त्यांनी प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि स्वतःचा डावा पंजा ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवायला लावली. आता प्रत्येक बोटावर एका माणसाचं नाव लिहा, म्हणाल्या, ज्याला तुम्ही न घाबरता आणि न लाजता काहीही सांगू शकाल. मी अंगठ्यावर बायकोचं नाव लिहिलं. मग बराच वेळ पेन चावत बसलो आणि उरलेल्या चार बोटांवर महादेव, मारुती, खंडोबा आणि गावची देवी लिहून मोकळा झालो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, देव नको सर, उत्तर देऊ शकेल असं माणूस हवं. शेजारचे गुरुजी मात्र पोट धरून हसले, आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत हसतच होते.

दुसरी गोष्ट बाईंनी फळ्यावर लिहून दोनदा वाचायला लावली. पोरानं विश्वासानं सांगितलेलं आपण इकडे तिकडे बोलायचं नाही. त्याला इजा होत असेल, कुणी त्रास देत असेल, तर मदत मागायची. एरवी ते त्या पोराचं आहे. या एवढ्यावर त्यांनी दोन तास घेतले. मला ते फार वाटले.

पण सांगितलेलं काम मी टाळत नाही. मंगळवारी शाळेत आलो, तिसरी-चौथीच्या बावीस पोरांना कागद वाटले आणि पंजे काढायला लावले. काय लिहायचं ते समजावलं. देव चालणार नाही, हे आधीच बजावलं. एकानं विचारलं, शेळी चालंल का? मी म्हणालो, बोलणारं माणूस पाहिजे. तो म्हणाला, ती बोलत न्हाई पण ऐकती. त्याला खाली बसवलं. मग मी त्यांना शब्द दिला की तुम्ही काय लिहिलं ते मी कुणालाही दाखवणार नाही आणि कुणालाही सांगणार नाही, तुमच्या घरी सुद्धा नाही. त्रिवेणीनं उभं राहून विचारलं, पप्पाला बी न्हाई? कुणालाच नाही, मी म्हणालो. घरातलं कुणी लिहा, शेजारचं लिहा, शाळेतलं कुणी असेल तर तेही बिनधास्त लिहा, असं म्हणून मी जरा खाकरलो आणि टेबलाजवळ ताठ उभा राहिलो. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

शाळा सुटल्यावर पोरं गेली. मी वर्गातच बसून गठ्ठा उघडला. ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि बाहेर मॅडम दुसऱ्या वर्गाला कुलूप लावत होत्या.

बावीस हात, म्हणजे एकशे दहा बोटं. आई पुष्कळ ठिकाणी होती. आजी, मोठी बहीण, आत्या, मावशी. मॅडमचं नाव सहा हातांवर होतं. एका हातावर एसटीचा कंडक्टर होता, कारण काय ते देव जाणे. आणि सतरा हातांवर लिहिलं होतं कडूमाय. कुणी ‘कडुमाय’, कुणी ‘कडू माय’, एकानं नुसतंच ‘माय (खिचडी)’. त्यातल्या नऊ हातांवर ती अंगठ्यावर होती, म्हणजे सगळ्यात आधी आठवलेली.

माझं नाव एकाही बोटावर नव्हतं.

मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. एखादा कागद कागदाला चिकटला असेल म्हणून गठ्ठा झटकला. सर, गुरुजी, बन्सीधर, काहीच नाही. अठ्ठावीस वर्षं मी पोरांना शिकवतोय. माझी पोरं कुठं कुठं नोकरीला लागली आहेत, बाजारात भेटली की पाया पडतात. मला खूप राग आला, आणि तो आधी कडूबाईचाच आला. गूळ-शेंगदाणे वाटून पोरं फितवली असणार बाईनं, असं मी मनात म्हणालो. मग वाईट वाटायला लागलं, आणि ते रागासारखं लवकर गेलं नाही.

त्या गठ्ठ्यात त्रिवेणीचा हात होता. अंगठ्यावर कडूमाय. मग आई, मावशी, मॅडम. करंगळीवर तिनं ‘पप्पा’ लिहिलं होतं आणि मग खोडरबरनं खोडलं होतं. तरी ते वाचता येत होतं. तिनं पेन्सिल जोरानं दाबली होती.

तो हात बघता बघता मला एकोणीस तारीख आठवली. त्या दिवशी बाराच्या सुमाराला मी भागाकार शिकवत होतो. त्रिवेणीनं करंगळी वर केली. म्हणजे लघवीला जायचं होतं. मी म्हणालो, एकला सुट्टी आहे, तेव्हा जा. माझ्या वर्गात तासाच्या मध्ये कुणी उठत नाही, हा माझा नियम. थोड्या वेळानं तिनं परत करंगळी वर केली. मी परत तेच म्हणालो. मग ती न विचारताच उठली आणि दप्तर पोटाशी धरून बाहेर निघून गेली. मी तिच्या नावापुढे फुली मारली. जेवणं झाल्यावर ती परत आली, तेव्हा तिच्या अंगात कुठला तरी ढगळ फ्रॉक होता, आणि गणवेश कुठं आहे म्हणून मी तिला वर्गासमोर उभं केलं होतं. ती काही बोलली नव्हती.

तारेवर वाळत होता तो तिचा गणवेश. जेवणाला पंचवीस मिनिटं उशीर झाला, कारण कडूबाई तेव्हा एका पोरीला धूत होती. आणि त्या पोरीवर ती वेळ माझ्यामुळं आली होती. मी माझा अर्ज मनात शब्दन् शब्द परत वाचला. इतक्या सुंदर अक्षरात इतकी वाईट गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या मी सांगितलं, की आजपासून ज्याला बाहेर जायचं त्यानं विचारायचं नाही, उठायचं आणि जायचं. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. पहिल्या तासाला नऊ जण जाऊन आले, दुसऱ्या तासाला सहा, नंतर कुणी नाही. भागाकार काही बुडाला नाही.

सुट्टीच्या आधी मी किचनशेडमध्ये गेलो. कडूबाई पाटावर बसून सुपात उद्याचे तांदूळ निवडत होती. मी चव घ्यायला आलोय असं समजून तिनं वाटी पुढे केली. मी म्हणालो, चार तारखेला आणि अकरा तारखेला उशीर कशानं झाला होता, ते मला सांगा. ती म्हणाली, झाला असंल. मी म्हणालो, कारण काय होतं? पोरांचं काही काही असतं, ती म्हणाली, आणि तांदळात बोटं फिरवत राहिली.

“एकोणीसचं मला कळलंय,” मी म्हणालो. “त्या दिवशी त्रिवेणी...”

“नाव घेऊ नका, गुरुजी,” ती म्हणाली. “ते लेकराचं हाय. मी सांगत सुटले तर उद्या माझ्यापशी कोण येईल?”

जिंतूरला जे दोन तास चाललं होतं, ते हिनं एका दमात सांगितलं, ते सुद्धा तांदूळ निवडता निवडता. मी विचारलं, शनिवारची बैठक कशाची आहे ते माहीत आहे ना तुम्हाला? ती हो म्हणाली. मंजुषा येऊन किचन बघून गेली होती. चांगली हाय पोरगी, ती म्हणाली, तिखट जरा बेतानं टाकायला सांगा तिला, पहिलीची लेकरं जेवत न्हाईत. तिचा हात सुपात थांबला. मग ती म्हणाली, “दुसरं काम भेटंल मला. शेतात निंदायला बी जाईन. पण ही पोरं कुठं भेटायची?”

मी तसाच शंभुराजच्या दुकानावर गेलो आणि अर्ज मागे घेतो म्हणालो. तो साबुदाणा तोलत होता. त्याचं म्हणणं अगदी वाजवी होतं. त्यानं मंजुषाला शब्द दिला होता, समितीच्या लोकांना अर्ज वाचून दाखवला होता. आता नुसतं नको म्हणून कसं चालेल, गावात लोक मला काय म्हणतील? काय असंल ते बैठकीत सगळ्यांसमोर सांगा, म्हणाला. मी काय सांगणार होतो? जे सांगितल्यावर कडूबाई क्षणात वाचली असती, ते सगळं माझ्या कपाटात कुलपात होतं, आणि ते दाखवणार नाही असा मी बावीस पोरांना शब्द दिला होता. तीन दिवस मी त्यातून वाट काढायचा प्रयत्न केला. नावं न घेता आकडा सांगावा, असंही मनात आलं. पण सतरा म्हणालो की उरलेले पाच कोण, हे गाव दोन दिवसांत शोधून काढणार, आणि त्या सतरांना घरी विचारणार की आम्हाला सोडून तिलाच का. मी या गावात अकरा वर्षं आहे. मला गाव माहीत आहे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि माझ्या वर्गात बैठक भरली. समितीचे नऊ जण आले होते. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे वर करून बसली होती. मॅडम खिडकीशी होत्या. कडूबाई दाराजवळ जमिनीवर बसली. मी खुर्ची दिली तर ती नको म्हणाली.

शंभुराजनं माझा अर्ज मोठ्यानं वाचला. माझेच शब्द, पण ते त्याच्या तोंडून ऐकताना मला खाली बघावंसं वाटलं. मग त्यानं कडूबाईला एकेक तारीख विचारली. चार तारखेला काय झालं होतं? झाला उशीर, ती म्हणाली. अकराला? झाला. एकोणीसला? ती काही बोलली नाही.

“आन् तारेवर कपडे कुणाचे होते, माय?” शंभुराजनं विचारलं. “तुमचे होते का?”

कडूबाईनं त्याच्याकडे बघितलं. ज्याच्या पोरीचे कपडे होते तोच विचारत होता. तिनं फक्त हो म्हणावं, माझे होते म्हणावं, असं मला वाटलं. पण ती खोटंही बोलली नाही आणि तिनं खरंही सांगितलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती गप्प बसली. शंभुराज म्हणाला, उत्तर द्यायचं नसंल तर आमी काय करावं, तुमीच सांगा. कुणीतरी मागून म्हणालं, ठराव घ्या की मग.

मी उठलो.

“एकोणीस तारखेचा उशीर माझ्यामुळं झाला,” मी म्हणालो. “कसा ते मला सांगता येत न्हाई. पण माझ्यामुळं झाला, आणि तक्रार मी यांच्यावर लिहिली.”

हे तुम्हाला कशावरून कळलं, असं शंभुराजनं मला विचारलं. मी पंज्याचा धडा सांगितला. प्रशिक्षणात काय शिकवलं, पोरांनी कसे हात काढले, बोटांवर कुणाची नावं लिहायची होती, सगळं सांगितलं. लोकांना ते आवडलं. दोघातिघांनी आपापल्या हाताकडे बघितलं. मग शंभुराज साहजिकच म्हणाला, मंग आणा की ते हात, बघू द्या सगळ्यांना. कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. मी म्हणालो, दाखवता येणार नाहीत, पोरांना शब्द दिलाय. माझ्या पोरीचा तरी दाखवा, तो म्हणाला, मी बाप हाय तिचा. मी नाही म्हणालो. त्याचा चेहरा उतरला. कान लाल झाले. या माणसाचा सगळ्यांसमोर अपमान झाला होता, आणि त्याच्या घरचं झाकण्यासाठीच मी तो करत होतो, हे त्याला सांगायची मला सोय नव्हती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या एकशे दहा बोटांमध्ये एकच गोष्ट अशी आहे, की जी पोरांची नाही, माझी आहे. ती सांगायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

“एक गोष्ट सांगतो,” मी म्हणालो. “एकशे दहा बोटं होती. त्यातल्या एकावर बी माझं नाव न्हाई.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या.

“अकरा वर्षं मी या शाळेत हाय. रोज वेळेवर येतो. आन् या वर्गातल्या एका बी लेकराला, काही झालं तर गुरुजीला सांगावं, असं वाटत न्हाई. म्हणजे या शाळेत पोरांचं काय चाललंय ते मला कळत न्हाई. जेवणाला उशीर का होतो ते तरी मला कुठून कळणार? मला घड्याळ दिसलं, तेवढं मी लिहिलं. असल्या माणसाच्या तक्रारीवर कुणाला कामावरून काढू नका.”

मी खाली बसलो. एवढी माणसं गप्प बसलेली मी त्या वर्गात कधी बघितली नव्हती; पोरं तर माझ्यासमोर रोजच गप्प बसायची, पण ते गप्प बसणं वेगळं होतं हे मला तेव्हा कळलं. समितीतल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

शंभुराजनं अर्जाची घडी केली, मग आणखी एक घडी केली आणि तो माझ्या हातात दिला. मंजुषाला काय सांगायचं ते मी बघतो, म्हणाला. मॅडमनी इतिवृत्तात लिहिलं की तक्रार अर्जदारानं मागे घेतल्यामुळे विषय संपला. सह्या झाल्या. लोक उठले, पायांना आलेल्या मुंग्या झटकत बाहेर पडले.

शंभुराज सगळ्यात शेवटी निघाला. व्हरांड्यात थांबला, चप्पल पायात घातली, मग परत काढली आणि आत आला. माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं,

“गुरुजी, पोरीच्या हातावर माझं नाव हाय का हो?”

मला ती खोडलेली करंगळी दिसत होती. हो म्हणालो असतो तरी ते पुरतं खोटं नव्हतं, आणि नाही म्हणालो असतो तरी नव्हतं. मी म्हणालो, “मला न्हाई सांगता येणार. मोडेल असा शब्द मी तिला दिला न्हाई.” तो फळ्याकडे बघत म्हणाला, दुकानावर आली की लय बडबड करती, मी गिऱ्हाइकाच्या नादात असतो. तो गेला. दुकान वेशीकडे, घर मारुतीच्या देवळाकडे. तो देवळाच्या रस्त्याला लागला.

मी कपाटाचं कुलूप पुन्हा ओढून बघितलं आणि बाहेर आलो. कडूबाई किचनशेडच्या पायरीवर बसून मोठं भगुनं घासत होती. शनिवारी लवकर सुट्टी असते, भांडी बैठकीआधीच घासून व्हायला हवी होती. मी वेळेचं काही बोललो नाही. तिच्यापासून थोड्या अंतरावर पायरीवर बसलो. तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

मी म्हणालो, चुकलं माझं. ती म्हणाली, तुमचं बी बरोबर होतं, एकला जेवायचं तर एकला जेवाय पाहिजे, मी जरा हात उचलीत जाईन. मग म्हणाली, नाव न्हाई म्हणून वाईट वाटून घेऊ नका, गुरुजी. मला वाटलं, आता ही म्हणेल की पोरांना तुमच्याबद्दल आदर फार आहे. मी ते ऐकायला तयार होऊन बसलो होतो. ती म्हणाली, “भेत्यात तुमाला. कमी झालं भेणं की येतील.” आणि परत भगुनं घासायला लागली. इतकं सरळ माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

भगुनं घासून झालं. तिनं ते उपडं घातलं, हात पदराला पुसले आणि उगाच इकडे तिकडे बघितलं. मैदानात कुणी नव्हतं. मग ती लाजल्यासारखी हसली. साठ वर्षांच्या त्या बाईला असं लाजताना मी कधी बघितलं नव्हतं.

“गुरुजी,” तिनं विचारलं, “माझं हाय का हो नाव, कुणाच्या हातावर?”

सतरा हात माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. नऊ अंगठे. तिचं नाव कसंबसं लिहिलेली ती अक्षरं. हे ऐकून या बाईला काय वाटेल ते मला दिसत होतं, आणि सांगावंसं इतकं वाटत होतं की मी दातांवर दात धरून बसलो.

“न्हाई सांगता येत, कडूबाई,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. तिच्या चेहऱ्यावरची लाज गेली आणि तिनं मान डोलावली, एखाद्या पोराचं गणित बरोबर आलं की मी डोलावतो तशी.

“बरोबर हाय,” ती म्हणाली. “मला बी सांगू नका.”